दोन रेघांचा माणूस

मला चायनीज लिहिता-वाचता येतं. म्हणजे एकच अक्षर येतं, आणि त्याचाही अर्थ मी सहा वर्षं लोकांना चुकीचा सांगत होतो.

ज्यांनी ते शिकवलं त्यांना कागद कधी लागला नाही. समोर जे असेल त्यावर बोटाने लिहायचे. लिफ्टच्या स्टीलच्या दारावर, ट्रॉलीच्या चादरीवर, कॅन्टीनच्या टेबलावर सांडलेल्या चहात. काहीच नसलं तर माझा हात ओढायचे, तळवा उघडायचे आणि त्यावर नखाने दोन रेघा. लिहून झालं की माझी बोटं मिटवून हात मला परत करायचे.

त्यांचं नाव सांगत नाही. एक तर त्यांना ते आवडलं नसतं, आणि दुसरं म्हणजे नऊ वर्षं बरोबर काम करूनही मला ते नीट उच्चारता येत नाही. मी त्यांना काका म्हणायचो. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने कशी हाक मारणार? बाकीच्या पोर्टर लोकांना वाटलं हेच त्यांचं चिनी नाव. वर्षभरात सगळं डिपार्टमेंट त्यांना काका म्हणायला लागलं. एकदा ड्युटीच्या रोटावर 'मिस्टर काका' असं छापून आलं. काकांनी ते बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला म्हणाले, "रेडिओ, हे तुझं काम."

रेडिओ म्हणजे मी. तोंड बंद नसतं म्हणून.

आमचं काम पोर्टरचं, नॉटिंगहॅममधल्या एका हॉस्पिटलात. पेशंट, व्हीलचेअर, रक्ताची सॅम्पल्स, ऑक्सिजनचे सिलिंडर, जे हलवायचं असेल ते आम्ही हलवायचं. मी कल्याणचा, सातवी नापास. बायको नर्स. तिला इथे नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसावर आलो, तिच्या दोन बॅगांसारखाच. बॅगा एअरपोर्टवर हरवल्या, मी हरवलो नाही. बायको अजून म्हणते की बॅगेत चांगली भांडी होती.

काका हाँगकाँगकडच्या एका खेड्यातले. इथे येऊन तीस वर्षं टेकअवे, म्हणजे पार्सल जेवणाचं दुकान, चालवला. बायको गेली, दुकान विकलं, घरात बसवेना म्हणून साठीच्या जवळ आल्यावर पोर्टर झाले. एक मुलगी, ती लीड्सला फार्मसिस्ट. शाळेत तेही फार गेलेले नव्हते, बाराव्या वर्षी शाळा सुटली. पण दुकान विकल्यावर त्यांनी विटेएवढी जाड डिक्शनरी घेतली आणि ठरवलं की आता रोज एक अक्षर. नुसतं लिहायचं कसं ते नाही. आधी कसं दिसायचं, कुठून आलं, किती अर्थ आहेत, सगळं. डिक्शनरी सुपरमार्केटच्या पिशवीत गुंडाळून लॉकरमध्ये ठेवायचे. ब्रेकला फ्लास्कमधलं नुसतं गरम पाणी प्यायचे आणि एक पान वाचायचे. तेवढ्या वेळात मी दोन सॉसेज रोल आणि तिघांचं डोकं खायचो.

तुम्ही कधी ना कधी हॉस्पिटलात गेला असाल. कॉरिडॉरमधून रिकामी ट्रॉली जाताना बघितली असेल, वर कापड ताणून बसवलेलं, दोन पोर्टर ढकलतायत. ती रिकामी नसते. वरचा भाग खोटा असतो आणि आत माणूस असतो, मॉर्च्युरीला चाललेला. लोकांना कळू नये म्हणून तशी बनवलेली असते. आता तुम्हाला कळलंय, तर पुढच्या वेळी जरा बाजूला व्हा.

ह्या कामाला कायम दोघं लागतात. एक डोक्याशी, एक पायाशी. एकट्याने उचलायचं नाही, हे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगतात, भिंतीवर चित्रही आहे. नऊ वर्षं काका डोक्याशी आणि मी पायाशी. सुपरवायझरने ही जोडी लावली कारण काकांबरोबर जायला कोणी तयार नव्हतं, आणि माझ्याबरोबरही नव्हतं.

माझ्याबरोबर का नाही ते कळलंच असेल. काकांबरोबर नाही, कारण ते ट्रॉलीतल्या माणसाशी बोलायचे. हळू, शेजारच्याला जेमतेम ऐकू येईल असं. "आता लिफ्ट, मॅडम. खाली जातोय." "कोपरा आला. डावीकडे." मॉर्च्युरी वेगळ्या बिल्डिंगमध्ये, मधे थोडा उघडा रस्ता. तिथे थांबून सांगायचे, "आता बाहेर, सर. थंडी आहे. मग उतार. सावकाश."

पहिल्या दिवशी मी हसलो. म्हटलं, काका, त्यांना ऐकू येत नाही. ते म्हणाले, "रेडिओ, बंद." मग काम झाल्यावर सांगितलं. त्यांच्या गावात माणूस गेला की नेताना त्याला वाट सांगतात. पूल आला की पूल आला म्हणायचं, दार आलं की दार. त्याला सगळं नवीन असतं, दिसत काही नाही. न सांगता नेलं तर मधेच कुठेतरी राहून जातो.

मी म्हटलं, "आम्ही बुद्धिस्ट. आम्ही असलं काही मानत नाही."

"मी पण बुद्धिस्ट," काका म्हणाले. "मग?"

पुढचं मला येत नव्हतं. मी विहारात जातो ते मुख्यतः जेवण चांगलं असतं म्हणून.

आम्ही सगळे पोर्टर आतल्या माणसाला बॉडी म्हणायचो. एका नोव्हेंबरात आम्ही खालून परत आलो, लॉजच्या, म्हणजे आम्हा पोर्टर लोकांच्या खोलीच्या, खिडकीवर आतून वाफ धरलेली. मी म्हटलं, "वरच्या वॉर्डात अजून एक बॉडी आहे." काका खिडकीपाशी गेले आणि काचेवर बोटाने दोन रेघा काढल्या. एक लांब, डावीकडे उतरणारी. दुसरी तिला लागून उजवीकडे. असं, 人.

"काय हे?"

"यान. माणूस."

"एवढंच?"

"एवढंच. सोपा आहे." मग त्याच्या डाव्या बाजूला आणखी एक अक्षर काढलं, किचकट. "हे म्हणजे मेलेला. हे म्हणजे माणूस. दोन्ही मिळून मेलेला माणूस. बघ, माणूस काढून टाकलेला नाही. जागेवर आहे. बॉडी म्हणू नकोस."

मी त्यानंतर त्यांच्यासमोर म्हटलं नाही. मागे म्हणायचो.

पण ते अक्षर मला फार आवडलं, कारण मला ते जमलं. आयुष्यात पहिल्यांदा मला अभ्यास जमला होता. मी ते सगळीकडे काढायला लागलो. बायकोच्या शॉपिंग लिस्टवर, गाडीच्या काचेवरच्या बर्फात. मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर काढणार होतो, पण सुरी तिच्या हातात होती.

मग मला फोनवर एक व्हिडिओ सापडला. त्यात एक माणूस सांगत होता की ह्या दोन रेघा म्हणजे दोन माणसं, एकमेकांना टेकून उभी. एक काढली की दुसरी पडते, म्हणून त्याला माणूस म्हणायचं. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. एप्रिलच्या जयंतीला मला कधी कोणी माईक देत नाही. त्या वर्षी पाहुणे मोटरवेवर अडकले आणि मी पुढच्या रांगेत होतो. मी उठून हे अक्षर सांगितलं. दोन्ही हात एकमेकांना टेकवून दाखवले. म्हटलं, ही रेघ मी, ही रेघ तुम्ही, टेकलो नाही तर दोघंही खाली. टाळ्या पडल्या. एका रिटायर्ड डॉक्टरांनी डोळे पुसले. तोपर्यंत त्यांनी मला फक्त खुर्च्या लावायला सांगितलं होतं. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात मला तेच सांगायला बोलवायला लागले. लग्नात सांगितलं, बारशाला सांगितलं, लेस्टरला जाऊन सांगितलं. खुर्च्या तरीही लावायला लागायच्याच, पण आता लोक नमस्कार करून लावायला सांगायचे.

काकांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. सहा वर्षांनी एकदा मी कॅन्टीनच्या बायकांना हात टेकवून दाखवत होतो आणि ते मागे येऊन उभे राहिले. सगळं ऐकलं. बायका गेल्यावर विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

"व्हिडिओत होतं."

"कॅलेंडरची गोष्ट," ते म्हणाले. "दुकानात फुकट कॅलेंडर देतात, त्यावर छापतात."

लॉकरमधून डिक्शनरी आणली, पिशवी सोडली, पान उघडलं. तिथे ते अक्षर पहिल्यांदा कसं होतं त्याचं चित्र होतं. तीनेक हजार वर्षांपूर्वीचं, बैलाच्या हाडावर आणि कासवाच्या कवचावर कोरलेलं. दोन माणसं नव्हतीच. एक माणूस होता, बाजूने बघितलेला. डोकं, पाठ, पाय, आणि पुढे खाली लोंबणारा हात. किंचित वाकलेला.

"एकटाच?"

"एकटाच."

"वाकलाय का?"

"कोणी म्हणतं नमस्कार करतोय. कोणी म्हणतं शेतात काम करतोय." काकांनी चित्राकडे जरा वेळ बघितलं. "मला वाटतं नुसता उभा आहे. एवढी वर्षं उभा राहिलास तर तूही वाकशील."

"मग दुसरा कुठाय?"

"दुसरा हवा तर दुसरा लिहायचा." त्यांनी चहात बोट बुडवलं. एकामागे एक असे दोन काढले, म्हणजे मागोमाग जाणं. तीन काढले, म्हणजे गर्दी. एकाभोवती चौकोन काढला, तो कैदी. एकाला झाडाशेजारी उभं केलं, ती विश्रांती. हात पसरलेला माणूस काढला, तो मोठा. "आणि लोक काय म्हणतील, त्यातले लोक पण हेच. माणूस म्हणजे कधीकधी दुसरे सगळे. आपण सोडून."

मी म्हटलं, "म्हणजे सहा वर्षं मी खोटं सांगून टाळ्या घेतल्या?"

"खोटं. पण टाळ्या पडल्या ना?" आणि डिक्शनरी पिशवीत गुंडाळायला लागले.

ती गोष्ट सांगायची मी सोडली नाही. एकटा माणूस, वाकून उभा, ह्याला टाळ्या कुठे वाजवणार लोक?

आता जे सांगायचंय ते सांगतो. इथून पुढे हसायला फार काही नाही.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, दुपारची जेवणाची वेळ. एका वॉर्डात एक म्हातारी बाई गेली होती. सहा बेडची खोली. पाच जण ट्रे पुढे घेऊन जेवतायत, पडद्याच्या आत ती. तिचा मुलगा बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा. खाली कॅज्युअल्टीत लोक बेडसाठी खुर्च्यांवर ताटकळतायत, म्हणून वॉर्डाची घाई. काका ट्रॉली घेऊन पोचले. मी पोचलो नाही.

मी कॅन्टीनमध्ये होतो. नवीन लागलेल्या दोन मुलींना हात टेकवून दाखवत होतो, एक काढला की दुसरा कसा पडतो. ड्युटीचा फोन टेबलावर थरथरला. गोष्टीचा शेवट जवळ आला होता, म्हणून मी तो उलटा ठेवला. परत थरथरला. मी त्याच्यावर पेपर नॅपकिन ठेवला.

वॉर्डाच्या फोनवरून मला बोलावून काकांनी वीस मिनिटं वाट बघितली. नर्सला विचारलं, ती शेजारच्या खोलीत एका पेशंटला सोडून येऊ शकत नव्हती. पडद्याच्या बाहेर कोणीतरी पुडिंग मागत होतं. मुलाने दोनदा डोकावून विचारलं, अजून किती वेळ. तेव्हा काकांनी एकट्याने घ्यायचं ठरवलं.

बेडवरून सरकवताना ट्रॉलीचा ब्रेक सुटला. ट्रॉली बाजूला गेली आणि बाई मधल्या फटीत. काका तिच्या खाली गेले. चुकून गेले नाहीत. तिला जमिनीला लागू द्यायचं नव्हतं त्यांना. पाठीवर आपटले, ती वर. तिला दोन्ही हातांनी धरून, तसेच पडल्या पडल्या, तिला सांगत होते, "सॉरी मॅडम. काही नाही. थोडं थांबायचंय. एक माणूस येतोय."

तो माणूस म्हणजे मी.

पडदा उघडला तो मुलाने.

फॉर्म भरायचा असतो. त्यावर एक चौकट, काम करताना किती कर्मचारी हजर होते. काकांनी लिहिलं, एक. जोडीदाराला बोलावलं होतं का? नाही, मला वाटलं एकट्याला जमेल. पाठीला पट्टा बांधून बसले होते आणि हे लिहीत होते. मी म्हटलं, काका, तुम्ही बोलावलं होतं. ते म्हणाले, "तुझ्यावर फायनल वॉर्निंग आहे. माझ्यावर काही नाही. मला काय करणार आहेत?"

माझ्यावर वॉर्निंग होती ती अशाच गायब होण्यावरून. मी गप्प बसलो. सोपं होतं, कधी नव्हे ते जमलं.

मग मुलाची तक्रार आली. त्यात पडण्याचं एका ओळीत होतं. बाकी पानभर हे, की तो पोर्टर माझ्या मेलेल्या आईशी चेष्टेने बोलत होता. मी त्याला दोष देत नाही. तुमची आई असती तर तुम्हीही तेच लिहिलं असतं.

चौकशीला मला साक्षीला बोलावलं. तीन जण टेबलामागे, काका बाजूच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ, कारण वाकता येत नव्हतं. मी जयंतीचा सूट घातला होता. मला विचारलं, "हे मृत व्यक्तींशी नेहमी बोलतात का?"

मला फक्त खरं सांगायचं होतं. त्यांच्या गावात वाट सांगतात, पूल आला की सांगतात, ते मान देणं आहे. चार वाक्यं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बोलतात. मी बरोबर असलो की जिवंत माणसाला बोलायला मिळत नाही, म्हणून मेलेल्यांशी बोलतात."

टेबलामागचा एक जण हसला. हसू दाबून त्याने लिहून घेतलं. आणखी काही सांगायचंय का, विचारलं. मी म्हटलं, नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

त्यांना काढलं नाही, रिटायर व्हायला सांगितलं. पत्र आलं. त्यात एक ओळ होती, की ह्यांनी मृत व्यक्तीचा मान राखला नाही आणि ही त्यांची सवय होती. मुलगी येऊन त्यांना लीड्सला घेऊन गेली. लॉकर रिकामं करायला ते आले नाहीत. डिक्शनरी मी त्यांच्याकडे पोचवायची होती.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती त्याच हॉस्पिटलात, तिला अर्धं आधीच कळलं होतं. ती भाजी चिरत होती. चिरून झाल्यावर म्हणाली, "अहो, हे जाऊन सांगा."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

मे महिन्यात मी डिक्शनरी आणि संत्री घेऊन लीड्सला गेलो. काका खिडकीपाशी बसले होते. खुर्चीच्या पाठीला उशा. बारीक झाले होते, खोकत होते. मी इकडचं तिकडचं सुरू केलं, नवीन सुपरवायझर, लिफ्ट बंद पडली, कोण कोणाशी भांडलं.

"रेडिओ, बंद."

मी बंद झालो. मग म्हटलं, "काका, मी जाऊन सांगू का? फोन आला होता, मी आलो नाही, आणि तुम्ही का बोलायचात ते?"

मला वाटलं ते म्हणतील, राहू दे, झालं गेलं. खरं सांगतो, ते ऐकायलाच मी दोन तास ट्रेनने गेलो होतो. काका म्हणाले, "हो. सांग. लिहून दे."

मी संत्र्यांची पिशवी ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"नोकरी गेली त्याचं काही नाही," ते म्हणाले. "म्हातारा झालोच होतो. पण ती ओळ. माझी मुलगी ती ओळ वाचते. मी नऊ वर्षं एवढी माणसं नेली. एकही मधे राहिलं नाही." मग पाठीमागची उशी सरळ करून, "ती ओळ काढून हवी मला. लवकर लिही."

मी हो म्हटलं. हात त्यांच्या हातात होता, त्यांनी त्यावर काही लिहिलं नाही.

लवकर म्हणजे मला सहा महिने लागले. इंग्रजी लिहिता येत नाही, हे एक. माझ्या मुलीला सांगितलं असतं तर तिने पाच मिनिटांत टाइप केलं असतं, पण मग तिला कळलं असतं. बायको रोज विचारायची, "अहो, लिहिलं का?" मी म्हणायचो, ह्या वीकेंडला. सप्टेंबरात काकांच्या मुलीचा मेसेज आला, डॅड विचारतायत, पत्र गेलं का. मी उत्तर पाठवलं, चालू आहे. पुढे एक अंगठा पाठवला. नोव्हेंबरात एक दिवस बायको म्हणाली, "तू लिहिणारेस का नाही?" आमच्याकडे ती मला तू म्हणाली की विषय संपतो.

त्या रविवारी मी आमच्या मुलीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो. मी मराठीत सांगत गेलो, ती इंग्रजीत टाइप करत गेली. मधे एकदा तिची बोटं थांबली आणि तिने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

"बाबा, तुम्ही फोन उलटी ठेवली? मुद्दाम?"

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि परत टाइप करायला लागली. शेवटी म्हणाली, "तुमचा पत्र खूप लांब झाला. चार पेजेस."

मी म्हटलं, असू दे, मनापासून आहे. आणि होतंही. मी काहीच लपवलं नव्हतं. मी किती मूर्ख, सातवी नापास, कॅन्टीनमध्ये काय करत होतो, नॅपकिन कसा ठेवला, चौकशीत जीभ कशी घसरली, त्यानंतर मला झोप कशी लागत नाही, आरशात बघवत नाही. वाचून मला स्वतःलाच रडू आलं.

सोमवारी नेऊन दिलं. मला नोकरीवरून काढलं नाही. लिनन रूमला टाकलं, तिथे चादरींशी बोलतो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. निवेदन मिळालं, मागच्या पत्रातली ती नोंद मागे घेतली आहे, कुटुंबालाही तसं कळवत आहोत. मी ते उत्तर हातात घेऊन लॉजच्या मागे उभा राहिलो आणि लीड्सला फोन लावला. म्हटलं, काकांना द्या, चांगली बातमी आहे.

काकांची मुलगी म्हणाली, "डॅड अकरा दिवसांपूर्वी गेले."

छातीत पाणी झालं होतं. तिकडच्याच एका हॉस्पिटलात. तिने मेसेज केला होता का? नव्हता केला. का केला नाही, ते मी विचारलं नाही.

शनिवारी मी गेलो. न बोलावता. तिने दार उघडलं, अंगावर कोट, फार्मसीत निघाली होती. आत खिडकीजवळची खुर्ची होती, उशा काढलेल्या. डिक्शनरी टेबलावर, पिशवीतच. ते कसे गेले, कोण होतं, मॉर्च्युरीपर्यंत कोणी नेलं, काही बोललं कोणी त्यांच्याशी, हे सगळं मला विचारायचं होतं. मी काहीच विचारलं नाही. खिशातून माझी चार पानं काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, हॉस्पिटलचं पत्र तुम्हाला आलंच असेल, पण मी काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचायला पाहिजे.

तिने उभ्या उभ्याच वाचलं. सगळं, चारही पानं, सावकाश. मला वाटलं ती रडेल नाहीतर मारेल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. तिने कोटाच्या खिशातून पेन काढलं, दुसऱ्या पानावर एका ठिकाणी खूण केली, तिसऱ्यावर एका ठिकाणी, आणि पानं मला परत दिली.

"माझे वडील ह्यात दोन ओळींत आहेत," ती म्हणाली. "बाकी सगळे तुम्हीच. घेऊन जा हे."